सहाशे किलोमीटर बर्फ आणि आईंचे गुडघे

पत्र: ताई, राम राम. आम्ही सावद्याकडचे केळी उत्पादक, शिवाय खताचं दुकान आहे. घरात आम्ही दोघं, नववीतली मुलगी, १० वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांची आई. मुलीनं स्कीइंगचे व्हिडिओ पाहून हट्टच धरलाय, आणि यंदा बागेनं साथ दिली म्हणून मीही हो म्हणालो. एजंट म्हणतो, फ्रान्समधल्या ‘थ्री व्हॅलीज’ला चला, सहाशे किलोमीटरचे उतार आहेत, पाचही जणांचा सहा दिवसांचा पूर्ण पास काढून टाकू. दिवाळीच्या सुट्टीत जावं असा विचार आहे. बर्फ आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही. आई माळकरी आहे, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, पासपोर्टही काढलेला नाही. ती म्हणते, ‘तुम्ही जा, मी घर राखते.’ काय करावं?
— एक वाचक, सावदा परिसर

उत्तर:

भाऊ, राम राम. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मुलीच्या हट्टाचं कौतुक वाटलं, दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीवर अडले. ‘मी घर राखते’ असं आपल्याकडे घरोघरी म्हटलं जातं, आणि म्हणणारीच्या मनात बहुतेक वेळा वेगळंच असतं. त्यावर येतेच. आधी तारखेचं बोलू, कारण ती चुकली तर बाकीचे पैसे पाण्यात.

दिवाळीत जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आल्प्समध्ये दोन हंगामांच्या मधला रिकामा काळ. उन्हाळ्यात डोंगर चढायला येणारे परत गेलेले असतात आणि बर्फ अजून पडायचा असतो. बऱ्याच गावांत माणसांना उतारावर चढवणाऱ्या लिफ्ट दुरुस्तीला काढलेल्या असतात, हॉटेलांना कुलपं असतात. त्झरमॅट किंवा हिंटरटुक्ससारख्या ठिकाणी हिमनदीवर तेव्हाही स्कीइंग चालतं, पण ते तीन हजार मीटरच्या आसपास आणि त्याच्याही वर. पहिल्यांदा पायात स्की घालणाऱ्याची ती जागा नव्हे.

खरा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा. त्यातला नाताळ ते नववर्षाचा आठवडा सगळ्यात महाग. फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांना भागाभागानं सुट्ट्या लागतात, स्वित्झर्लंडच्याही तेव्हाच, त्यामुळे महिनाभर लिफ्टपुढे रांगा. मधे राहतो तो संक्रांतीपासून जानेवारी संपेपर्यंतचा पंधरवडा. बर्फ चांगला असतो, भाडी उतरलेली असतात, फक्त थंडी कडक आणि दिवस लहान. आईंना मार्चचं ऊन जास्त मानवलं असतं, पण मार्चमध्ये तुमच्या घरात परीक्षा. पुढच्या वर्षी मुलगी दहावीला जाईल. म्हणजे हा जानेवारी, नाहीतर मग दोन वर्षांनी. नववीच्या जानेवारीत आठ-दहा दिवसांची रजा शाळेकडून मिळायला हरकत नसावी, आत्ताच जाऊन बोला.

आता सहाशे किलोमीटरचं. एजंटनं आकडा खरा सांगितला. कूर्शवेल, मेरिबेल, व्हाल तोरांस ही गावं लिफ्टांनी एकमेकांना जोडलेली आहेत, आणि वर्षानुवर्षं स्की करणाऱ्याला तिथं सहा दिवस कमी पडतात. पण तुम्ही केळीवाले आहात, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते. ज्यानं कधी हातात विळा धरला नाही त्याला घड कापायला शिकवायचं, तर त्यासाठी चाळीस एकराची बाग लागते का? एक ओळ पुरते. नवखा माणूस पहिले तीन दिवस ज्या उतारावर असतो तो आपल्याकडच्या शाळेच्या मैदानाएवढा असतो. पुढचे तीन दिवसही दोन-चार सोप्या वाटांवरच जातात. सगळ्या लिफ्ट वापरू देणारा सहा दिवसांचा तो पूर्ण पास माणशी चारशे युरोंच्या घरात जातो. एका युरोला शंभर रुपये धरले तर ४०,००० झाले, आणि ते आईंसाठीसुद्धा! बहुतेक ठिकाणी शिकाऊंच्या उताराचा वेगळा, बराच स्वस्त पास मिळतो. फ्रान्समधल्या काही गावांत तर तिथल्या छोट्या लिफ्ट फुकटही असतात. एजंट हे आपणहून सांगत नाहीत.

माझ्याही घरात हेच घडलंय, म्हणून इतकं लांबवून लिहिते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एका पर्यटन कंपनीनं चौघांच्या गळ्यात असेच पूर्ण पास घातले, सासूबाईंच्याही. मुक्काम दिला खालच्या दरीत, उतारापासून बसनं चाळीस मिनिटांवर. रोज सकाळी पायात ते जड बूट, खांद्यावर स्की, कुडकुडत बसथांब्यावर उभं राहायचं. तिसऱ्या दिवशी मुलगा थांब्यावरच रडायला लागला. सासूबाई चार दिवस खोलीच्या खिडकीत बसून होत्या. चौथ्या रात्री म्हणाल्या, ‘मला घरीच ठेवायला हवं होतं.’ ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. दोष त्यांच्या वयाचा नव्हता, आम्ही निवडलेल्या जागेचा होता.

दुसऱ्या वेळी आम्ही जागा उलट्या बाजूनं शोधली. जो माणूस स्की करणार नाही त्याचा दिवस कुठे चांगला जाईल, हे आधी पाहिलं. उतार, लिफ्ट, पास हे सगळं नंतर. तुम्हालाही मी हेच सांगेन.

त्या हिशेबानं मला तुमच्यासाठी स्वित्झर्लंडमधलं बेटमेराल्प किंवा त्याच्या शेजारचं रीडराल्प योग्य वाटतं. दोन्ही गावं साधारण १,९५० मीटरवर, डोंगराच्या सपाट खांद्यावर वसलेली. आपलं तोरणमाळ हजार-बाराशे मीटरचं, त्यावरून अंदाज करा. एवढ्या उंचीवर जानेवारीत बर्फाची काळजी नसते. खालच्या गावांत अलीकडे हिवाळ्यातही पाऊस पडतो आणि यंत्रानं बर्फ फवारावा लागतो. इथे गाड्यांना बंदी आहे. रस्त्यावर बर्फ दाबून वाट केलेली असते, लहान मुलं घसरगाडीवरून दुकानात जातात. शिकाऊंचे उतार गावाला लागूनच आहेत, म्हणजे मुलगा शिकत असताना आई बाकावर बसून त्याला बघू शकतील. आजूबाजूचे सगळे उतार मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास होतात. तुम्हाला दोन हिवाळे पुरतील.

जायचं कसं? मुंबईहून झुरिचला थेट विमान आहे, आणि झुरिच विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन. तिथून बर्नमार्गे ब्रिग, ब्रिगला छोटी लाल गाडी, आणि बेटेनच्या स्टेशनवर उतरलं की समोरून रोपवे थेट बेटमेराल्प गावात नेतो. सगळे मिळून साडेतीन-चार तास. वाटेत लोच्बर्गचा ३४ किलोमीटरहून लांब बोगदा लागतो, मुलाला आधी सांगून ठेवा. स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे रेल्वे प्रवासाचा पास, काढलात तर १६ वर्षांच्या आतली मुलं आई-वडिलांबरोबर रेल्वेनं फुकट जातात, त्यासाठीचं फॅमिली कार्ड पासबरोबरच मागून घ्यायचं. तुमच्या दोन्ही मुलांना ते लागू पडेल. मुलगी दहावीनंतर गेली असती तर तिचं तिकीट पडलं असतं.

गावातल्या एका टेकाडावर छोटं पांढरं चर्च आहे, १६९७ सालचं. बर्फाच्या मारियामातेचं. डोंगरातल्या लोकांनी या माउलीसाठी बांधलेलं. वारी केलेल्या माणसाला ते बघून परक्या देशात आल्यासारखं वाटत नाही. त्या दुसऱ्या वेळी सासूबाई रोज तिथवर चालत जायच्या. लुगड्याच्या आत लोकरीच्या विजारी, वर माझ्या नवऱ्याचा जाडा कोट. परत येईपर्यंत लुगड्याचा काठ बर्फानं भिजून, मग गोठून, वाळलेल्या बिबड्यासारखा कडक झालेला असायचा. त्या तो हातानं मोडून मुलांना आवाज ऐकवायच्या. तुमच्या आईंना मात्र पहिल्या दिवसापासून पायघोळ जॅकेट आणि आतून गरम पायजमा द्या. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे काटे मिळतात, ते नक्की घ्या. गुडघ्याला थंडीपेक्षा घसरण्याचा धोका जास्त. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यात चालायच्या वाटा वेगळ्या राखलेल्या असतात, त्यांच्या पाट्या गुलाबी रंगाच्या. स्कीच्या उतारावरून पायी कुणी जायचं नसतं.

स्की न करणाऱ्यांसाठी रोपवेचं साधं तिकीट मिळतं. वर गेलं की ‘आलेच’ नावाची हिमनदी दिसते, आल्प्समधली सगळ्यात लांब, वीसेक किलोमीटरची. आईंना ती दाखवाच, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, शरीर रुळल्यावर. ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखच्या रेल्वे स्टेशनवर त्यांना नेण्याचा मोह मात्र मी टाळेन. तिथल्या हवेत मुंबईच्या मानानं दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो आणि गाडी माणसाला फार भराभर वर नेते. जायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारा. नुसतं ‘परदेशी चाललोय’ म्हणू नका.

आता मुलीचा विषय, स्की. बूट भाड्यानं घेताना दुकानदार ‘घट्ट वाटतोय?’ विचारेल. घट्टच हवा. बोटं पुढे जेमतेम टेकावीत, टाच हलता कामा नये. आपण थंडी म्हणून दोन-तीन मोजे चढवतो आणि तिथेच फसतो, कारण मोज्यांच्या घड्या पडतात, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ लोकरी मोजा. सुती काही नको, जीन्स तर नकोच. घाम आणि बर्फ दोन्ही ती धरून ठेवते.

शिक्षकाशिवाय पहिला दिवस काढू नका. व्हिडिओ पाहून हे येत नाही. स्की स्कूलचे गटवर्ग असतात, इंग्रजीतले मागून घ्या, दोन्ही मुलांना आपापल्या वयाच्या गटात घाला. तुम्ही दोघांनीही वर्ग लावा. शिकवतात ती पहिली गोष्ट म्हणजे थांबणं. दोन्ही स्कींची टोकं पुढे जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, गुडघे किंचित वाकवायचे. स्कींच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. जर्मन बोलणारे या ठेवणीला ‘फ्लूग’ म्हणतात, म्हणजे नांगर. हे ऐकल्यावर माझ्या नवऱ्याला जे दोन तास जमत नव्हतं ते जमलं. नांगर खोल घालायचा तर जोर कुठे द्यायचा हे त्याच्या अंगात होतं. तुमच्याही असणार. दुसरं म्हणजे नजर. स्कीच्या टोकांकडे पाहिलं की माणूस पडतो, जिथे जायचंय तिथे पाहिलं की स्की मागोमाग येतात. आणि पडायचंच झालं तर बाजूला, कुशीवर पडा.

स्वित्झर्लंडमध्ये वाटांना निळा, लाल, काळा असे रंग असतात. पहिल्या आठवड्यात निळ्यापलीकडे जाऊ नका, मुलगी कितीही म्हणाली तरी. आपल्यापुढे, खालच्या बाजूला जो असतो त्याचा हक्क पहिला. धडक झाली तर वरून येणारा जबाबदार. खांब लावून आखलेल्या वाटेबाहेर, नुकत्या पडलेल्या कोऱ्या बर्फात उतरायचं नाही. व्हिडिओत तेच सगळ्यात सुंदर दिसतं, पण हिमकडे तिथेच कोसळतात. हेल्मेट चौघांनाही. ऊन मारतंय असं थंडीत जाणवत नाही, पण दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. वैशाखातल्या जळगावात फिरतो आपण, आपल्याला काय होतंय, असं म्हणून क्रीम आणि गॉगल सोडू नका. हनुवटीच्या खालून भाजतं तिथे.

निघण्याआधीचे दोन महिने रोज पन्नास बैठका आणि रविवारी पालच्या घाटात चढ-उतार. मांड्या तयार नसतील तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही.

आणि मुलीला एकदा सरळ विचारा, स्की शिकायची आहे की बर्फात खेळायचंय? उत्तर दुसरं आलं तर आल्प्सला जाऊच नका. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, तिथला गोंडोला, म्हणजे रोपवे, त्याच्याही कितीतरी वर जातो, भाषा आपली, जेवण आपलं, आणि खर्च कितीतरी कमी. शिकायचं असलं तरी तिथे स्कीचे रीतसर अभ्यासक्रम चालतात.

जेवणाचं. स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घरच घ्या. माळकरी माणसाचा तिथल्या हॉटेलात रोज निभाव लागणार नाही. फोंड्यू हे वितळलेलं चीज शाकाहारी दिसतं, पण त्यात पांढरी वाइन असते, आणि ग्रुयेरसारखी जुनी चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. आईंना हे न सांगता खाऊ घालू नका, नंतर कळलं तर फार वाईट वाटेल. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचा जाड थालीपीठवजा प्रकार, ती त्यांना आवडेल, फक्त डुकराच्या चरबीत किंवा बेकन घालून करत नाहीत ना हे विचारून घ्या. १,९५० मीटरवर पाणी ९३-९४ अंशांवरच उकळतं, उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर सामानात घाला, सपाट बुडाचा. लाल मिरचीची फोडणी मात्र खिडकी उघडून, नाहीतर धुराची घंटा वाजते.

कळण्याचं पीठ, डाळी, शेंगदाण्याची चटणी न्या. साजूक तूप, पेढे, पनीर नको, बाहेरच्या देशातले दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात. ताजी भाजी आणि फळंही चालत नाहीत, त्यामुळे भरताची वांगी घरीच. पण ज्या मोजक्या फळांना प्रमाणपत्राशिवाय परवानगी आहे, अननस, नारळ, ड्युरियन, खजूर, त्यात केळी आहेत! तुमच्या बागेतली एक फणी आईंच्या पिशवीत असू द्या.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. तुम्ही ऑक्टोबरमध्ये करा. जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, म्हणजे तुमच्या घरचे ४०५ युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. शेतकऱ्याची अडचण वेगळी असते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरणपत्रात आकडा लहान दिसतो आणि अधिकाऱ्याला शंका येते. सातबारा, आठ-अ, केळी विक्रीच्या पावत्या, दुकानाची जीएसटीची कागदपत्रं आणि सीएचं पत्र, सगळं इंग्रजी भाषांतरासह लावा. अर्जाआधी आठवडाभर खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, सहा महिन्यांचा व्यवहार नेहमीसारखाच दिसू द्या.

व्हिशासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण साध्या प्रवासविम्यात स्कीइंग बहुधा धरलेलं नसतं. ‘हिवाळी खेळ’ आणि डोंगरावरून सुटकेचा खर्च हे दोन्ही पॉलिसीत लिहून घ्या. तिथं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर त्याचं बिल जखमी माणसाच्या नावावर येतं. आईंच्या पॉलिसीत आधीपासूनचं बीपी जाहीर करा, लपवलं तर दावा फेटाळतात.

राहिला आईंचा पासपोर्ट, आणि खरं तर सुरुवात त्यानंच करायची आहे. ‘येतेस का’ असं विचारू नका, पुन्हा नाहीच म्हणतील. कागदपत्रं काढायला सांगा. त्यांच्या पिढीत आधारवर नाव एक आणि पॅनवर दुसरं असं सर्रास असतं. एका ठिकाणी नावापुढे ‘बाई’ लागलेलं, दुसरीकडे नुसतं नाव, एखाद्या ठिकाणी माहेरचं आडनाव, जन्मतारीख तर सरसकट १ जानेवारी किंवा १ जून. एवढ्यावरून अर्ज अडकतो आणि दुरुस्तीत दीड-दोन महिने सहज जातात. आज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर त्यांची दोन्ही कार्डं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.